खालची हवा

११ जानेवारी २०२४

प्रिय बाबा,
सप्रेम जय भीम.

प्रफुलभाऊंनी तुमचं पत्र त्यांच्या ऑनलाइन सेंटरवरून स्कॅन करून पाठवलं, मिळालं. हे पत्रही तेच छापून देतील. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि आई "जेवली का?" याच्या पुढे जात नाही, म्हणून पत्रच बरं. राइस मिलच्या यंत्रांनी तुमचे कान नेले, पण अक्षर मात्र तसंच ठेवलं.

तुम्ही विचारलंत, तिरोड्यात लोक म्हणतात पोट्टी जर्मनीत काय करून राहिली, त्याहीले काय सांगू? सांगा, ती आयन थंड करते. हसले तर हसू द्या.

अणूतले इलेक्ट्रॉन काढून घेतले की उरतो तो आयन. आमच्याकडे शंभर मीटर घेराची, गोल फिरवलेली नळी आहे. आतली हवा पार काढून टाकलेली. तिच्यात आयन सेकंदाला दहा लाखांवर फेऱ्या मारतात. पण सगळे एका वेगाने नाही. कोणी जरा पुढे, कोणी मागे, कोणी आडवा. या धांदलीलाच आम्ही उष्णता म्हणतो. ती असली की नेमकं मोजमाप होत नाही. म्हणून नळीच्या एका सरळ तुकड्यात आम्ही इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतो. ते सगळे अगदी एका चालीचे, आयनांच्या सरासरी वेगाइतक्याच वेगाचे. अडीच मीटर दोघं सोबत जातात. तेवढ्यात आयनांची थोडी धांदल इलेक्ट्रॉन घेतात. तापलेले इलेक्ट्रॉन बाजूला काढायचे, पुढच्या फेरीला ताजे. काही सेकंदांत आयनांचा जाड झोत सुतळीसारखा बारीक होतो. पडद्यावर ते पाहताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

इलेक्ट्रॉनांना हा वेग द्यायला दोन लाख व्होल्ट लागतात. ते यंत्र दोन माणसांएवढ्या उंच पोलादी टाकीत असतं आणि ठिणगी पडू नये म्हणून टाकीत एक वायू भरतात. त्याला रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा पाच पट जड आहे. टाकीची सगळी व्यवस्था वेर्नर पाहतो. आमचा तंत्रज्ञ, वय अठ्ठावन्न, एकतीस वर्षं इथेच. पाना कसा धरायचा हे मला त्यानेच शिकवलं. आईने पाठवलेली जवसाची चटणी तो पावावर लावून खातो आणि डोळे पुसत "आणखी" म्हणतो.

फेब्रुवारीच्या मध्यात आमच्या प्रयोगाला झोत मिळणार आहे. सहा दिवस. दोन वर्षांची वाट पाहून सहा दिवस.

तुमची,
रीना

•

खैरटोला, ता. तिरोडा
२४ जानेवारी २०२४

चि. रीना,
जय भीम. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मायले मिलचं उदाहरण देऊन सांगतलं. उकडलेला धान पसरवून त्याच्यावर थंडी हवा सोडतो, हवा तापून बाहेर जाते, नवी येते, धान निवते. तिनं पाटीवर लिहून देल्लं, "मंग त्याच्यासाठी जर्मनीले कायले जा लागते?" म्या म्हटलं, तिथला धान दिसत नाही.

आता कामाचं. जड हवा खाली बसते. टाकीच्या दारात उभं राहून वास घेतला तं काहीच समजत नाही. दुरुस्तीले आत कोण उतरते? उतरायच्या आधी तळची हवा कोण पाहते? कशानं पाहते? हे मले लिहून पाठव, विसरू नको.

बुधराम तुले आठवत असंल. माझ्यासंग पंप दुरुस्तीले यायचा, मिलच्या खोलीत राहायचा, सालेकसाकडचा गोंड. तू नववीत होतीस तवा केशोरावच्या विहिरीत दारू पिऊन उतरला अन् मेला. माणसाले वाटते, आत्ता उतरतो अन् आत्ता निंघतो. म्हणून लिहून राहिलो.

माय बरी आहे. आता बचतगटाची अध्यक्ष झाली, घरात बी अध्यक्षच. चटणी पाठवते म्हणते, त्या वेर्नरसाठी वेगळा डबा.

तुझा बाबा,
हिरालाल

•

१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय बाबा,

पत्राला उशीर झाला. आमचे झोताचे दिवस पुढे गेले, कधी मिळतील माहीत नाही. वेर्नर दवाखान्यात आहे. चटणी पाठवू नका.

तुम्ही विचारलं होतं, तळची हवा कोण पाहतं. त्यासाठी उपकरण असतं. नियम आहेत. सगळं कागदावर असतं.

मी ठीक आहे. थंडी फार आहे.

रीना

•

खैरटोला
२ मार्च २०२४

चि. रीना,
आशीर्वाद.

एवढं लहान पत्र तू होस्टेलात असताना बी लिहिलं नव्हतं. तुझी माय तीन दिवसांपासून माझ्या मागं लागली आहे. तिचं म्हणणं, पोट्टीच्या मनात कोणी बसला आहे अन् आपल्याले सांगाले भेऊन राहिली. असं असंल तं भिऊ नको. गोरा असो, काळा असो, जात विचारणारा नसो, एवढंच आमचं म्हणणं. अन् कोणी फसवलं असंल तरी सांग. घर तुझंच आहे.

नाहीतर झोत गेला म्हणून दुखी आहेस का? दोन वर्षांचं काम वाया गेलं म्हणजे माणूस खचते. मिलचं नवं बॉयलर उद्घाटनाच्या दिवशीच फाटलं होतं, तवा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मंग जेवलो.

वेर्नरले काय झालं? त्या वयात साखर, बीपी, काही बी निंघते. त्याच्या घरी जाऊन ये. त्याच्या बायकोले काही लागलं तं पाहा. आपल्याले शिकवणारा माणूस आहे.

उत्तर लौकर दे.

बाबा

•

१४ मार्च २०२४

बाबा,

हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, कारण प्रफुलभाऊ छापताना वाचतात. आईला सध्या दाखवू नका.

माझ्या मनात कोणी बसलेलं नाही. वेर्नर २७ फेब्रुवारीला गेला.

फेब्रुवारीच्या १२ तारखेला टाकीतला एक जोड ढिला असल्याचं कळलं. झोत दोन दिवसांवर. आम्ही वायू साठवणीच्या पिंपात ओढून घेतला, टाकीत हवा सोडली. यानंतर ऑक्सिजन दोन जागी मोजायचा असतो, एकदा दाराशी, एकदा अगदी तळाशी. दोन चौकटी असलेला फॉर्म असतो. तो भरणं माझं काम. दाराशी २०.८ आला, म्हणजे साधी हवा. तळाशी मोजायला उपकरणाला लांब नळी जोडावी लागते आणि ती दुसऱ्या गटाने नेली होती. आणायला जायचं तर वीस मिनिटं. मी दोन्ही चौकटींत २०.८ लिहिलं.

वेर्नरने दारात उभं राहून विचारलं, "खाली पण?"

मी म्हटलं, "हो, खाली पण."

त्याने मान हलवली. छातीवर लावायचा त्याचा ऑक्सिजनचा अलार्म चार्जिंगला होता. माझ्याऐवजी इतर कोणी 'हो' म्हटलं असतं तर तो अलार्मशिवाय उतरला नसता. शिडीने खाली गेला, काहीतरी गुणगुणत. मग पाना पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मी आत गेले नाही, बाबा. आत जायचं नसतं, हेही त्यानेच शिकवलं होतं. मी बटण दाबलं आणि दारात बसून राहिले. अग्निशमनवाले मुखवटे लावून आले. तोपर्यंत अकरा मिनिटं झाली होती. वाल्व पूर्ण बंद झाला नव्हता, थोडा वायू परत तळाशी आला होता. दोन आठवडे तो दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर होता.

चौकशीत मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, "मी नळी आणायला निघाले होते. तो माझी वाट न पाहता आत गेला." फॉर्म माझ्या कोटाच्या खिशात होता. आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोणी मागितलाच नाही. अलार्म चार्जिंगला सापडला, त्यामुळे सगळ्यांनी मानलं. अहवालात येणार आहे की मृताने नियम पाळला नाही.

मी त्याच्या घरी गेले होते, तुम्ही सांगितलंत म्हणून. त्याची बायको इंगे मला म्हणाली, "तुझी काही चूक नाही गं, तो घाई करायचा." तो कधीच घाई करायचा नाही.

मी स्वतःला सांगते की माणसं कधी कधी स्वतःच्याच चुकीने जातात. बुधरामकाका गेले तसे. मग रात्री उठून बसते.

सगळं सांगितलं तर नोकरी जाईल, खटला होईल, कदाचित परत पाठवतील. खैरटोल्यातून कोणी इथवर आलं नव्हतं. तुम्ही मिलमध्ये डबल पाळी करून मला शिकवलं. नाही सांगितलं तर वेर्नर परत येणार आहे का?

बाबा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

रीना

•

खैरटोला
९ एप्रिल २०२४

रीना,

काल पत्र भेटलं. पोस्टमन गेल्यावर घरामागं सांदवाडीत जाऊन वाचलं. मायले दाखवलं नाही, पण तिनं माझं तोंड पाहिलं.

तू विचारलंस, तुझ्या जागी असतो तं काय केलं असतं. बाई, मी तुझ्या जागी होतो. काय केलं ते सांगतो.

२००९ चा मे महिना. केशोरावच्या विहिरीचं पाणी खोल गेलं होतं, म्हणून डिझेल इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं होतं. सकाळी मी स्वतः खाली जाऊन सगळं पाहून आलो. मंग इंजिन अर्धा घंटा चालवलं. धूर सारा विहिरीतच. पाणी काही येईना, पाइपाच्या तळच्या झडपेत कचरा अडकला होता. इंजिन बंद केलं. बुधराम म्हणाला, "हिरालालभाऊ, कंदील सोडून पाहू का?" कंदील विझला तं उतरायचं नाही, हे त्याले म्याच शिकवलं होतं.

मले दुपारपाळीले जायचं होतं. म्या म्हटलं, "आत्ताच तं मी जाऊन आलो. काही नाही. उतर लौकर."

मी गेलतो ते इंजिन चालवायच्या आधी.

तो दहा-बारा हात उतरला. वर पाहून हसल्यासारखं केलं अन् त्याचा हात सुटला. मी वरून दोर टाकत राहिलो. तो दोर धराले कोणी नव्हतं.

केशोराव धावत आला. म्हणाला, "तू सांगतलं म्हणून उतरला असं निंघालं तं तू बी जाशील अन् मी बी. मोहाची घेऊन होता म्हण. त्याच्या समाजात सारेच पेतात, लोक लगेच मानतील." अन् म्या तसंच म्हटलं. पोलिसांपुढं म्हटलं. त्याच्या बायकोपुढं, दुर्पतापुढं म्हटलं. तिचा पदर धरून आठ वर्षांचा योगराज उभा होता. पंधरा वर्षं तुझ्यापुढं म्हटलं. जानेवारीतल्या पत्रात बी लिहिलं, हात थांबला नाही.

बुधराम दारू पेतच नव्हता. मिलमधले लोक त्याले त्याच्यावरून चिडवायचे.

आपल्याबद्दल लोक असंच बोलत आले, बाई. यांच्यात असंच असते, हे सारेच असे. ते ऐकत मी मोठा झालो. अन् वेळ आली तवा तेच म्या दुसऱ्याबद्दल बोललो, कारण ते सोपं होतं. यासाठी मी स्वतःले माफ करू शकलो नाही. विहिरीची चूक घाईची होती. हे घाईचं नव्हतं.

तू विचारतेस, सांगून तो परत येईल का. नाही येणार. पण त्याचं नाव तुझ्या खणात आहे. तुझ्या त्या फॉर्मवर.

तुले उपदेश कराचा हक्क मले नाही. म्हणून करत नाही. मी पहिले माझं करतो. दुर्पता माहेरी सालेकसाकडं राहते असं समजलं. तिकडं जाऊन येतो. तुझ्या उत्तराची वाट पाहत नाही, कारण वाट पाहिली तं पंधराची सोळा वर्षं होतील.

बाबा

•

२८ एप्रिल २०२४

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी ते फाडणार होते. फाडलं नाही.

माझ्या वर्गात एक गोंडाची मुलगी होती, नंदा. तिला मी एकदा भांडणात म्हटलं होतं, "तुमच्यातले लोक दारू पिऊन विहिरीत पडतात." ती त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. ते वाक्य मला तुम्ही दिलं होतं.

तरीही जाऊ नका. तुमचं वय एकसष्ट आहे. तिथे कोणी मारलं तर? पोलिसांनी धरलं तर आई एकटी काय करेल? केशोराव गेले, कोणी विचारत नाही, तुम्हीच कशाला उकरता?

खरं लिहू? तुम्ही गेलात तर मला जावं लागेल. म्हणून म्हणते, जाऊ नका.

रीना

•

खैरटोला
२० मे २०२४

चि. रीना,

तुझं पत्र परवा भेटलं. मी त्याच्या आधीच जाऊन आलो होतो.

जायच्या आदल्या दिवशी तुझ्या मायले सारं सांगतलं. तुझं बी. तिनं पहाटे माझ्यासाठी भाकर बांधली.

तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. गोंदियाहून गाडीनं सालेकसाले उतरलो, पुढं जंगलातून विचारत विचारत, पत्ता जमा करतात त्या फडीवर पोहचलो. पत्त्याचे पुडे ओळीनं उन्हात मांडून ठेवले होते. पन्नास-साठ बायामाणसं होती. दुर्पता पुडे पलटत होती. मले पाहून उठली, पाणी देल्लं. हिरालालभाऊ आले म्हणून तिले बरं वाटलं, बाई. ते पाणी म्या पेलं नाही. पहिले बोललो.

माझा आवाज मोठा निंघते, तुले माहीत आहे, बहिऱ्याले आपला आवाज कुठं जाते ते समजत नाही. फक्त तिच्यापाशीच सांगाचं मनात होतं. पण साऱ्या फडीनं ऐकलं असंल, कारण एकेक करून साऱ्यांचे हात थांबले. म्या सांगतलं, बुधरामनं कंदील सोडू का विचारलं होतं, म्या नाही म्हटलं. तो पेला नव्हता. म्या खोटं सांगतलं.

दुर्पता खाली बसली. पुडे पलटू लागली. मंग काहीतरी बोलली. लोकही बोलत होते, तोंडं हलताना दिसत होती, दोघं-तिघं माझ्या अंगावर आले. एका पोट्ट्यानं त्याहीले थांबवलं. तो योगराज होता. बापाचंच कपाळ. म्या त्याले सांगतलं, मले ऐकू येत नाही, लिहून दे. त्यानं खिशातली चिठ्ठी काढून तिच्या पाठीमागं लिहिलं. चिठ्ठी मी घेऊन आलो, जशी आहे तशी उतरवतो.

"आई म्हणते, मी पंधरा वर्षं त्याला शिव्या दिल्या. पोराला टाकून दारूपायी मेला म्हणून. त्याच्या नावानं पितरांत घ्यायचं तेही केलं नाही. त्या शिव्या आता कुठून परत आणू?"

त्याच्याखाली त्यानं स्वतःचं लिहिलं. "मी दारूला हात लावत नाही. तरी बापाचं नाव ऐकून दोन जागी माझी सोयरीक मोडली."

म्या विचारलं, मी काय करू? मायलेकानं एकमेकांकडं पाहिलं. त्यानं लिहिलं, "माघ पुनवेला कचारगडला आमचे सगळे लोक येतात. तिथं येऊन हेच सांगायचं." म्या हो म्हटलं. माफी मागितली नाही. मागून ती देते का नाही याची वाट पाहणं म्हणजे तिच्यावर अजून एक ओझं झालं असतं.

परत येताना ठाण्यात बी गेलो. त्याहीनं माझा अर्ज ठेवून घेतला, म्हणाले जुनं प्रकरण आहे, कळवू. म्हणजे मले शिक्षा होणार नाही असं दिसते. तुले होईल. तुझं ओझं माझ्याहून मोठं आहे, हे समजून लिहितो. तू काय करशील ते कर. तू माझी पोरगीच राहशील.

बाबा

•

१२ जून २०२४

बाबा,
सांगितलं. फॉर्म दिला.
रीना

•

३ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाबा,
सप्रेम जय भीम.

जूनमध्ये दोन ओळींवर तुमची बोळवण केली. त्यानंतर आईशी फोनवर बोलले, पण तिला सगळं सांगता येईना आणि ती विचारेना. आता निकाल लागला, म्हणून सविस्तर.

जून संपायच्या आत नोकरी गेली. सरकारी वकिलाने निष्काळजीपणामुळे मृत्यू आणि खोटी माहिती, असे दोन्ही आरोप लावले. गेल्या आठवड्यात एक वर्षाची शिक्षा झाली. ती स्थगित आहे, म्हणजे या काळात पुन्हा गुन्हा केला नाही तर तुरुंगात जावं लागणार नाही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "चार महिने गप्प राहून मग का सांगितलंत?" मी म्हटलं, "माझे वडील आधी जाऊन सांगून आले." दुभाष्याची गरज नव्हती, तरी त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

माझ्या गटातले लोक दोन प्रकारचे झाले. काही बोलत नाहीत. काही फार सांभाळून बोलतात, ते जास्त जड जातं. यंत्र सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं. मी ते बातमीपत्रात वाचलं. युरेनियमचा झोत तीन सेकंदांत थंड झाला म्हणे. तळाशी आता कायमचा ऑक्सिजनमापक बसवला आहे, तो हवा खराब असली तर दारच उघडू देत नाही. हे आधीही करता आलं असतं.

चौकशीचा अहवाल बदलला. वेर्नरने नियम मोडला हे वाक्य काढलं. त्या दिवशी इंगेने मला घरी बोलावलं. ओट्याजवळ उभी होती, बस म्हणाली नाही. म्हणाली, "एकतीस वर्षं हा माणूस झोपायच्या आधी गॅसचा खटका दोनदा पाहायचा. तू सांगितलंस की त्याने वाट पाहिली नाही, तेव्हा मला वाटलं, मी कोणाबरोबर राहिले? चार महिने मी त्याच्यावर चिडून होते. त्याच्या अंत्ययात्रेतही." मग दार उघडलं आणि म्हणाली, "आता जा. सांगितलंस ते बरं केलंस. पुन्हा येऊ नकोस."

मी गेले. तिच्या बोलण्याचा मला राग आला नाही. योगराजने उतरवलेली दुर्पताबाईंची ओळ मी जर्मन भाषेत कोणाला वाचून दाखवू शकत नाही, पण ती ओळ मी त्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा ऐकली.

व्हिसा मार्चपर्यंत आहे. एका वेल्डिंग कारखान्यात मोजमापं घेण्याचं काम करते. प्रत्येक आकडा दोनदा पाहते, तर मुकादम ओरडतो. मार्चनंतर घरी येईन. आईला सांगा, काही विचारू नको म्हणजे झालं. नाहीतर विचारू दे.

तुमची,
रीना

•

खैरटोला
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रीना,
जय भीम. आशीर्वाद.

माघ पुनवेले कचारगडले जाऊन आलो. तुझी माय संग होती. मी एकटा जातो म्हटलं तं पाटीवर लिहिलं, "लगन एकट्यानं केलं होतं का?"

गुहेच्या खालच्या मैदानात लाखानं लोक होते, पिवळे झेंडे, तीन-चार राज्यांतून आलेले. योगराजनं मले त्यांच्या जाणत्या मंडळीपुढं उभं केलं. म्या सारं पुन्हा सांगतलं. कंदिलाचं, इंजिनाचं, केशोरावचं, माझं. यावेळी आवाज हळू ठेवाचा प्रयत्न केला, जमला का माहीत नाही. एक म्हातारा उठून माझ्यापुढं आला, माझी कॉलर धरली अन् सोडून देल्ली. दुसरं कोणी काही केलं नाही. नंतर बुधरामच्या नावानं जे कराचं राहिलं होतं ते त्याहीनं केलं. काय केलं ते मी सांगू शकत नाही, मले दूर एका झाडाखाली बसवलं होतं. ते बरोबरच होतं. दुर्पता तिकडून दिसत होती. रडत नव्हती. डोक्यावरचा पदर नीट करत होती, घरधनी येणार असला म्हणजे बाया करतात तसा.

तुझी माय तिच्यापाशी गेली होती. काय बोलल्या ते तिनं मले सांगतलं नाही, म्या विचारलं नाही.

परत निंघालो तवा बस गेली होती. तुझ्या मायले गावच्या बाया टेम्पोत घेऊन गेल्या, जागा एकच होती. मी पायी निंघालो. मागून योगराज मोटरसायकल घेऊन आला, हातानं बस म्हणून सांगतलं. सालेकसा टेसनपर्यंत आणून सोडलं. रस्ताभर तो काही बोलला असंल तं मले ऐकू आलं नाही. खड्डे लय होते. मी मागं बसलो होतो. त्याच्या खांद्याले धरावं का नको, हे ठरेपर्यंत टेसन आलं.

तुझा बाबा,
हिरालाल